निकाल लागला, पण मुलं कुठे गेली?

मे महिन्यात बोर्डाचे निकाल लागतात आणि वर्तमानपत्रांत दरवर्षी तोच मथळा येतो : यंदाही कोकण अव्वल. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचं मिळून कोकण विभागीय मंडळ झालं. त्याच्या पहिल्या, म्हणजे २०१२ च्या परीक्षेपासून आमचा पहिला नंबर सुटलेला नाही. २०२५ च्या बारावीत राज्याचा निकाल ९१.८८ टक्के होता, कोकणाचा ९६.७४. दहावीत तर आम्ही ९८.८२ टक्क्यांवर होतो. मग पेढे, सत्कार, शाल-श्रीफळ. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बी.एड. कॉलेजात मी उभी नोकरी काढली, त्यामुळे या सत्कारांतल्या पहिल्या रांगेतल्या खुर्च्या माझ्या चांगल्या ओळखीच्या आहेत. टाळ्या मीही वाजवल्या. आमच्या मास्तरांनी त्या कमावलेल्या असतात. पण यातली किती मुलं पुढच्या पावसाळ्यात कॉलेजच्या बाकावर बसली, हे मंडळ सांगत नाही, शाळा सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

मी विचारायला लागले त्याला एक यादी कारणीभूत झाली. २००७ च्या स्वातंत्र्यदिनी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी लाल किल्ल्यावरून जाहीर केलं, की उच्च शिक्षणात मागे पडलेल्या जिल्ह्यांत नवी महाविद्यालयं काढण्यासाठी केंद्र मदत करेल. त्या वेळी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते डॉ. सुखदेव थोरात, म्हणजे विदर्भातल्या खेड्यातून, औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयातून वर आलेला माणूस. आयोगाने २००१ च्या जनगणनेवरून १८ ते २३ वयाच्या मुलामुलींतलं उच्च शिक्षणाचं प्रमाण जिल्हावार काढलं. देशाची सरासरी आली १२.४ टक्के. तिच्याखालचे जिल्हे निघाले ३७४. महाराष्ट्रातले सात : गडचिरोली, हिंगोली, जालना, बुलढाणा, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. गडचिरोलीचं नाव वाचून स्टाफरूममध्ये कुणाला नवल वाटलं नाही. रत्नागिरीचं वाचलं तेव्हा मात्र आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ‘छपाईची चूक असणार’ म्हणून कागद परत दिला.

चूक नव्हती. ज्या जिल्ह्याने धोंडो केशव कर्वे दिले, बाबासाहेबांचं मूळ गाव ज्या जिल्ह्यात आहे, जो दहावी-बारावीत साऱ्या राज्याला मागे टाकतो, तो कॉलेजच्या हिशेबात देशाच्या सरासरीखाली होता. यावर आमच्याकडे एक ठरलेलं उत्तर असतं : ‘आमची मुलं मुंबईला शिकतात हो, म्हणून इथला आकडा कमी.’ मला हे उत्तर कधी पटलं नाही. जनगणनेत जो मुंबईला गेला तो मुंबईतच मोजला गेला. तो शिकणाऱ्यांतून वजा झाला, तसा इथल्या तरुणांच्या एकूण संख्येतूनही वजा झाला. मागे उरलेल्यांत कॉलेजात जाणारे थोडे होते, इतकंच तो आकडा सांगत होता. आणि उरलेल्यांविषयी आमच्याकडे बोलण्याची पद्धत नाही. कोकणी माणूस बोलतो तो गेलेल्यांविषयी.

गेलेलेही थोडे नाहीत. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना या दोन्ही जिल्ह्यांची घटली. रत्नागिरी १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आला. हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया हा रत्नागिरीचा आकडा भाषणात अभिमानाने सांगतात. त्यात मुलींना जपण्याचा भाग असेलही, पण मोठा भाग पुरुष घरात नसण्याचा आहे.

माझे बाबा त्याच न दिसणाऱ्या पुरुषांपैकी. गाव कुडाळ तालुक्यात, नोकरी मुंबईच्या गिरणीत, तीही बदली कामगाराची. राहणं डिलाईल रोडला गावकऱ्यांच्या खोलीत. ज्यांनी ती खोली पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते : एक खोली, एका गावची वीस-पंचवीस माणसं, भिंतीला फळ्या, फळ्यांवर प्रत्येकाची ट्रंक. रात्रपाळीचा उठून गेला की दिवसपाळीचा त्याच जागी आडवा. जेवण खानावळवाल्या बाईकडे, हिशेब महिन्याचा. या खोलीवर गिरणगावाच्या आठवणींत बरंच लिहिलं गेलंय, पण तिचा एक उपयोग फारसा कुणी नोंदवला नाही. ती कोकणाचं वसतिगृह होती. गावातला एखादा पोरगा मॅट्रिक झाला की त्याला त्या खोलीत पाठवत. दिवसा कुठे तरी चिकटवत आणि रात्रशाळेत किंवा सकाळच्या कॉलेजात घालत. त्याच्याकडून भाडं घेतलं जात नसे. १९४६ साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं ते सकाळच्या वेळेत भरवलं, कारण नोकरी सांभाळून शिकणारी मुलं त्यांच्यासमोर होती. ती मुलं झोपत कुठे, याचं उत्तर बहुधा अशा खोल्यांत आणि चाळींच्या गॅलऱ्यांत मिळेल.

मुलींना त्या खोलीत जागा नव्हती. मी १९८१ साली बारावी झाले आणि लालबागला आतेच्या बिऱ्हाडी माळ्यावर राहिले. सकाळी कॉलेज, दुपारी एका वकिलांकडे टायपिंग. पहिलं वर्ष संपलं नाही तोच, १८ जानेवारी १९८२ ला, गिरण्यांचा संप सुरू झाला. आतेचे यजमान संपात, बाबा संपात. दोन घरांत मिळून येणारा पगार काय तो माझ्या टायपिंगचा. मी टिकले, कारण आतेने मला गावी पाठवायला नकार दिला. ‘हिचा कॉलेज सुटला तर मी तुझ्याशी बोलूची नाय,’ असं तिने बाबांना बजावलं होतं. माझ्याबरोबर मुंबईला आलेले गावचे दोघे मुलगे मात्र त्या शिमग्याला घरी गेले ते परत आले नाहीत. एक पुढे रिक्षा चालवू लागला, दुसरा आंब्याच्या बागेत राखणीला.

संप कधी अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही. गिरण्या गेल्या, जमिनींवर टॉवर आले, गावकऱ्यांच्या खोल्या एकेक करून विकल्या गेल्या. लाखाहून अधिक कामगारांचा रोजगार गेला हे सगळ्यांना माहीत आहे. पण कोकणातल्या गरीब मुलाला विद्यापीठापर्यंत नेणारा फुकटातला मुक्काम त्याच वर्षांत बंद झाला, हे कुठल्या शैक्षणिक अहवालात मी वाचलेलं नाही. शिक्षणाचे अहवाल कॉलेजं मोजतात, तुकड्या मोजतात. झोपायची जागा मोजत नाहीत.

आयोगाची ती यादी हाती आल्यावर मी पीएच.डी.चा विषय बदलला. आधीचा विषय ‘अध्यापन पद्धतींची परिणामकारकता’ अशा वळणाचा होता आणि तो सुटल्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही. नव्या विषयाला मार्गदर्शकांनी भारदस्त नाव दिलं, माझ्यासाठी तो एवढाच होता : बारावी झालेली मुलं जातात कुठे? सुरुवात ज्युनिअर कॉलेजांच्या दप्तरापासून केली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा रकाना असतो. तिथे सगळ्यांपुढे एकच मजकूर : ‘इयत्ता बारावी उत्तीर्ण’. दाखला नेला, सही केली, की त्या मुलाशी शिक्षण खात्याचा संबंध संपला. लेखनिक सांगायचे, ‘बाई, पुढचं आमच्याकडे नसतं.’ पुढचं कुणाकडेच नव्हतं. मग मी आणि माझे बी.एड.चे काही विद्यार्थी जुन्या निकालपत्रांवरची नावं घेऊन वाड्यावाड्यांवर गेलो. लांजा, राजापूर, संगमेश्वर, खाली कणकवली, कुडाळ. आम्ही जनगणनावाले समजून लोक रेशनकार्डच आणून द्यायचे.

त्या फिरण्यातून जे हाती आलं ते टक्केवारीत मांडून मी प्रबंधात ठेवलं, तो विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. इथे त्यातल्या तीन गोष्टी सांगते, कारण त्या अजून जशाच्या तशा आहेत.

पहिली एसटीची. तालुक्याच्या कॉलेजात विज्ञान शाखेची प्रात्यक्षिकं पाच-साडेपाचला सुटतात. आतल्या वाडीला जाणारी वस्तीची गाडी त्याच सुमाराला निघते, ती चुकली की रस्त्यावर उभं राहायचं किंवा कुणाच्या तरी दुचाकीवर. बारावीला पंचाहत्तरच्या वर गुण असलेल्या मुलीने बी.एस्सी. सोडून बी.ए. का घेतलं, असं मी एका घरी विचारलं. तिच्या आईने शिक्षणाबद्दल एक शब्द काढला नाही, फक्त गाडीची वेळ सांगितली. आमच्याकडे शाखा आवडीवर ठरते, गुणांवर ठरते, असं आम्ही शैक्षणिक मानसशास्त्रात शिकवतो. एसटीच्या वेळापत्रकावर ठरते, असं एकाही क्रमिक पुस्तकात नाही. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, फार चांगली योजना आहे, पण ती बारावीपर्यंत. पुढे सवलतीचा पास काढायचा. सरकारच्या हिशेबातही मुलगी बारावीलाच थांबते.

दुसरी गोष्ट कागदांची. निकाल मेमध्ये. तेव्हा घरात आंबा उतरवण्याची घाई, काजूगर फोडणं चाललेलं, लग्नसराई, मुंबईचे पाहुणे. पुढे लगेच पेरणी आणि लावणी. नेमके प्रवेशाचे अर्ज याच दिवसांत. उत्पन्नाचा दाखला तलाठी आणि सेतूकडे, जातीचा प्रांताकडे, नॉन-क्रीमीलेअर वेगळं, आणि व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर जात वैधता. त्यासाठी आजोबा-पणजोबांची जन्मनोंद हवी, ती जुनी असली तर मोडीत. ज्या घरात कुणी कॉलेज पाहिलेलं आहे तिथे ही कागदांची जुळवाजुळव अकरावीतच सुरू होते. जिथे नाही तिथे निकालानंतर. पहिली फेरी संपते, दुसरी संपते, आणि हुशार पोरगा ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत मामाकडे वसईला जातो. पुढचं वर्ष येत नाही.

तिसरी गोष्ट सांगायला अवघड आहे, कारण ती कागदावर येत नाही. माझ्याच गावच्या एका आजोबांकडे बसले होते. नातू चांगल्या गुणांनी पास झाला होता. मी विचारलं, आता पुढे? ते खरोखर गोंधळले. ‘बारावी झाली मां? मगे आता आणखी काय व्हया?’ यात अडाणीपणा नव्हता. त्यांच्या हयातीत चौथी पास माणूस पोस्टात लागला होता, सातवी पास मास्तर झाला होता, मॅट्रिकवाला तर मुंबईत सायब. बारावी ही त्यांच्या हिशेबात शिडीची शेवटची पायरी. आणि आम्ही दर मे महिन्यात बारावीचा एवढा मोठा सोहळा करून त्यांचाच समज पक्का करतो.

आता पदवी सगळ्यांना हवीच कशाला, असं कुणी म्हणेल. म्हणतातही, विशेषतः ज्यांची स्वतःची मुलं पदवीधर आहेत ते. आयटीआय करावं, नर्सिंगचा कोर्स करावा, सावंतवाडी-दोडामार्गची मुलं रोज सीमा ओलांडून गोव्यातल्या कंपन्यांत जातात तसं जावं. जावं की. वायरमन होणं हे बी.ए. होण्यापेक्षा कमी प्रतीचं आहे असं मी मानत नाही, आणि आमच्याच खात्याने काय दिवे लावले तेही मला आठवतं : डी.एड.ची कॉलेजं खिरापतीसारखी वाटली, मग भरती थांबवली, आणि पदविका घेतलेली स्थानिक मुलं जिल्हा परिषदेसमोर उपोषणाला बसली. पण ज्याला दोन वाटा दिसल्या आणि त्याने एक घेतली, त्याच्याविषयी मला काही म्हणायचं नाही. मी बोलते आहे ते ज्याच्यापुढे वाट एकच होती त्याच्याविषयी. गोव्याच्या कंपनीत कंत्राटावर बारा तास उभा असलेला मुलगा बी.एस्सी. ‘नको’ म्हणून तिथे गेला, असं ठरवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

सरकार काहीच करत नाही असंही नाही. यादीतल्या जिल्ह्यांसाठी आदर्श महाविद्यालयांची योजना आली आणि मंडणगड तालुक्यात आंबडवे इथे, बाबासाहेबांच्या मूळ गावी, मुंबई विद्यापीठाचं असं कॉलेज उभं राहिलं. जागेची निवड योग्यच. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क राज्याने पूर्ण माफ केलं. मोठा निर्णय आहे. पण ही माफी त्या मुलीला उपयोगी, जी रत्नागिरीहून पुण्याला जाऊन राहू शकते. खोलीभाडं, मेस, आणि दर दोन महिन्यांनी घरी यायचं भाडं हा खर्च फीपेक्षा मोठा असतो, तो माफ कोण करणार? निर्वाह भत्त्याच्या योजना आहेत, पण पैसे बहुतेक वेळा वर्ष सरताना हातात पडतात आणि घरमालक जूनमध्येच अनामत मागतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, पण काही वर्षांतच साताऱ्यात त्यांनी जिवाचं रान केलं ते मुलांच्या राहण्या-जेवण्यासाठी. कॉलेज तिथे उभं राहिलं १९४७ साली. राजर्षी शाहूंनीही कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहांना हात घातला. आधी ताट आणि अंथरूण, मग वर्ग. हा क्रम त्यांना ज्या मुलांकडे बघून सुचला, ती मुलं आजही तशीच आहेत.

कर्व्यांचं नाव वर घेतलंच आहे, तर एक आठवण करून देते. १८७५ साली परीक्षेला बसायला ते मुरूडहून कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्याला गेले, आणि ‘वयाने लहान दिसतोस’ म्हणून त्यांना परत पाठवलं गेलं. महिला विद्यापीठ काढणाऱ्या माणसाचं शिक्षण पहिल्यांदा अडलं ते अंतराने आणि एका टेबलामागच्या माणसाने. टेबल आता ऑनलाइन झालंय.

शाळेनंतर मुलं कुठे जातात, या विषयावर इंग्लंडमध्ये बराच काळ काम झालं आहे. टोनी ब्लेअर यांनी १९९९ मध्ये निम्म्या तरुणांना उच्च शिक्षणात आणण्याचं लक्ष्य जाहीर केलं. तिथल्या फीवाढीचं कौतुक करण्यासारखं काही नाही, पण मोजण्याची शिस्त मात्र घेण्यासारखी आहे. त्यांनी देशाचे लहान लहान भाग पाडले आणि प्रत्येक भागातून किती तरुण विद्यापीठात जातात याचे नकाशे केले. शाळा सोडलेली मुलं पुढे कुठे गेली, शिक्षणात, नोकरीत की कुठेच नाही, याची आकडेवारी तिथे शाळावार प्रसिद्ध होते. शाळेचं मोल फक्त निकालावर ठरत नाही.

आपल्याकडे राज्याचा एकच आकडा फिरत असतो. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात महाराष्ट्राचं प्रमाण ३५.३ टक्के, देशाचं २८.४. नव्या शैक्षणिक धोरणाचं लक्ष्य २०३५ पर्यंत ५० टक्के. मुंबई-पुण्याच्या जोरावर आपण ते गाठूही, आणि तेव्हाही मंडणगडची एखादी वाडी होती तिथेच असेल. सरासरी अशी असते, की तिच्या आड एक अख्खा तालुका लपतो.

तांत्रिक अडचण उरलेली नाही. ‘अपार’ हा बारा अंकी विद्यार्थी क्रमांक शाळेपासून विद्यापीठापर्यंत एकच राहणार आहे. बारावीच्या निकालपत्रावरचा मुलगा वर्षभराने कुठल्या कॉलेजात आहे, की कुठेच नाही, हे त्यावरून काढणं राज्य मंडळाला आणि उच्च शिक्षण संचालनालयाला शक्य आहे. मुलांची नावं नकोत, तालुकावार आकडे द्या. पुढच्या मे महिन्यात ‘कोकण अव्वल’ छापताना शेजारच्या रकान्यात मागच्या वर्षीच्या उत्तीर्णांपैकी किती जण शिकत आहेत ते छापून येऊ दे. आणि मंडळाने ते देईपर्यंत ज्युनिअर कॉलेजांनी एवढं तरी करावं : दाखला देताना एक फोन नंबर लिहून घ्यावा आणि दिवाळीनंतर त्या नंबरवर फोन करावा.

आता मुंबईतल्या ग्रामविकास मंडळांना एक विनंती. मंदिराचा सभामंडप झाला, कमान झाली, क्रिकेटचे चषकही झाले. या गणपतीत गावी याल तेव्हा वाडीच्या बैठकीत यंदा बारावी झालेल्या प्रत्येक मुलामुलीचं नाव घेऊन विचारा, की तो किंवा ती कुठे आहे. उत्तर ‘घरीच’ असेल तर वर्गणीच्या वहीत सगळ्यात वर विरार-नालासोपाऱ्यातल्या एका खोलीचं भाडं लिहा.